विहिरीवरची हाक

आमच्या घरात दिवेलागणीला कुणाला झोप येऊन चालत नसे, कुणाचं पोट दुखून चालत नसे. झोप यायची, पोटही दुखायचं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील, हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसत, शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, मांडीवर घेत आणि घसा खाकरत. ते खाकरणं ऐकलं की माय चुलीवरचं वरण उतरवून ठेवी, ओल्या हातानं डोक्यावर पदर घेई, आणि मी असेन तिथून येऊन चटईच्या माझ्या कोपऱ्यावर बसे. आधी गीत, मग वाचन, मग प्रार्थना. प्रार्थना पाठ केलेली नाही. प्रत्येकानं आपापल्या तोंडानं, मनातली, आणि मोठ्यानं. सुरुवात सगळ्यात लहानानं करायची असा अण्णांचा नेम होता. भाऊ प्रकाश माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्यामुळे शेंडेफळ मी, आणि देवापुढे पहिलं तोंड उघडायचं काम कायमचं माझ्याकडे.

चार वर्षांच्या लेकराच्या मनातली प्रार्थना ती किती असणार? शेळी बरी कर, काकूला बरं वाटू दे, आमेन. पण अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि मी लवकर थांबले की डोळे न उघडता म्हणायचे, "अजून." ह्या 'अजून'नं मला घडवलं आणि बिघडवलंही. शब्दाला शब्द लावत जायची मला अशी काही सवय झाली की दहा-बारा वर्षांची असताना मी प्रार्थना करता करता मनात दुसऱ्या दिवशीची गणितं सोडवत असे आणि तोंड आपलं चालूच. बायका म्हणत, "सुवार्ताच्या तोंडात मध हाय बगा." सुवार्ता हे माझं नाव, अण्णांनी ठेवलेलं. असल्या नावाच्या पोरीनं घरात वाईट बातमी आणायची नसते, हे मला फार लवकर कळलं.

आमचं गाव पुसेगावपासून पायी तासाभरावर. ख्रिस्ती घरं सात, सगळी गावाच्या एका अंगाला, आणि मधे पत्र्याची एक खोली, तेच आमचं मंदिर. घंटा म्हणून दारात रुळाचा तुकडा टांगलेला. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत, बाकीचे रविवार अण्णांचे. त्यांना सगळे उपदेशक म्हणत. विश्वास आमच्या घरात आणला तो आजोबांनी. तरुणपणी ते बाजाराच्या गावी तहानेनं कासावीस होऊन एका पाद्रीसाहेबाच्या दारात पाणी मागायला गेले. सवयीनं त्यांनी ओंजळ पुढे केली, वरून पाणी ओतून घ्यायला. त्या माणसानं ओंजळीत ओतलं नाही, भरलेला लोटा हातात दिला आणि तो आत निघून गेला. आजोबा सांगायचे, "पाणी म्या पेलोच न्हाई कितीतरी वेळ. लोटाच धरून हुबा राह्यलो." त्यांना त्यापुढे कुणी काही शिकवायची गरज पडली नाही. अण्णांनी तो लोटा पाहिला नव्हता, पण तो धरलेले आजोबा पाहिले होते, आणि तेवढ्यावर त्यांचा जन्म निघाला. माझ्यापर्यंत येईस्तोवर फक्त दिवेलागणीची वेळ उरली होती. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मला एवढंच वाटे की घरातल्या सगळ्यांना काहीतरी मिळालं आहे आणि माझ्यापासून ते लपवून ठेवलं आहे.

माय हळदीच्या दिवसांत लोकांच्या शेतावर हळद शिजवायला जाई. तिच्या तळव्यांचा पिवळा रंग उन्हाळा सरला तरी उतरत नसे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती मूठभर काळ्या मनुका भिजत घाली आणि मग त्याच पिवळ्या हातांनी कुस्करून धुतल्या फडक्यातून गाळी. तो आमचा द्राक्षारस. भाकर मात्र त्या दिवशी गव्हाची, बिनमिठाची, पातळ लाटलेली. घरभर आंबूस गोड वास सुटायचा आणि मला त्यातलं बोटभरसुद्धा चाटायला मिळत नसे, कारण माझं दृढीकरण झालेलं नव्हतं. मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिल्याशिवाय, म्हणजे देव आपल्याला कसा भेटला ते सांगितल्याशिवाय, ते ताट आपल्यापुढे येत नसे. मी मायला म्हणायची, "गाळून मी देते, फडकं मी धुते, मंग चाखायला काय हरकत हाय?" माय म्हणायची, "हरकत तुह्या बापाला इचार."

प्रकाश हिंगोलीला एसटीच्या वर्कशॉपात लागला होता. स्टेशनजवळ त्याची एक खोली होती, तिथं मी दहावीच्या सुट्टीत दोन दिवस राहून आले. पहिल्या दिवशी संध्याकाळ झाली आणि काहीच झालं नाही. प्रकाशनं स्टोव्ह पेटवला, खिचडी टाकली, रेडिओ लावला, आम्ही जेवलो. कुणी खाकरलं नाही. मला इतका आनंद झाला की खिचडी अर्धी तशीच राहिली. अकरावीला इथंच यायचं हे मी त्या ताटावर ठरवलं. पण प्रकाशचं आणि अण्णांचं पुढे बिनसलं. तो दर रविवारी हिंगोलीत मंदिरात जातो असं सांगे, आणि जात नव्हता हे एका पाहुण्याकडून कळलं. अण्णांनी त्या बाविशीतल्या पोराच्या चारचौघांत थोबाडीत मारली. "गेला न्हाईस त्याचं काही न्हाई," ते म्हणाले, "खोटं काहून बोल्ला?" त्यानंतर प्रकाश गावी येईना. घरात प्रार्थनेला तीनच माणसं उरली आणि अण्णांची सगळी मदार माझ्यावर आली. अकरावीचं काढलं की ते म्हणत, "दृढीकरण होऊ दे, मंग बगू." म्हणून मीच घाई केली. साक्ष द्यायची आणि सुटायचं.

उन्हाळी मेळावा त्या वर्षी शेजारच्या गावी, कापूस निघून गेलेल्या मोकळ्या रानात भरला. कापडी मांडव, ढोलकी, झांजा, एक भाता फाटलेली पेटी, आणि तीन दिवस पिठलं-भाकरी. साक्ष देण्याची एक ठरलेली चाल असे. मी अमुक पापात होतो, मग अमुक झालं, आता मी प्रभूचा आहे. माझी पंचाईत अशी की सांगण्यासारखं पाप माझ्याकडे नव्हतं. आमच्या सात घरांत पाप करायला आडोसाच नव्हता. अण्णांनीच मग मला आळस आणि आज्ञाभंग अशी दोन पापं काढून दिली, त्यांवर पंधरा-सोळा वाक्यं बसवली आणि आठ दिवस घोटून घेतली.

माझी पाळी आली तेव्हा अण्णा मांडवाच्या खांबापाशी उभे होते. मी पहिलं वाक्य बोलले आणि सहज तिकडे पाहिलं, तर त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. दुसऱ्या वाक्यालाही तेच. माझं संपायच्या आत त्यांच्या ओठांवर पुढचं तयार. एकाएकी माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्या माणसानं न दिलेलं एक तरी वाक्य मला जन्मात बोलायचं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "मागच्या महिन्यात मी मंदिरामागच्या विहिरीवर पाणी शेंदत व्हते. तवा मला कोणीतरी नावानं हाक मारली. सुवार्ता म्हणून. तीनदा. मागं पाह्यलं तर कोणी नव्हतं."

अण्णांचे ओठ थांबले. ते थांबलेले पाहून मला जो काही विजय वाटला तो अर्धं मिनिटसुद्धा टिकला नाही. मांडवात पुढं बसलेली एक म्हातारी हुंदके देऊन रडायला लागली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता बायाबाप्ये गुडघ्यांवर आले. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अण्णा खांब सोडून माझ्याकडे आले, आणि त्यांच्या डोळ्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा पाणी पाहिलं. त्यांनी माझं मनगट धरलं, आणि माणसं पांगेपर्यंत सोडलं नाही.

देवानं हाक मारलेल्या पोरीला अकरावीला कोण पाठवतं? पाळकसाहेबांनी लांबच्या एका बायबल शाळेला चिठ्ठी लिहिली. दोन वर्षांचं शिक्षण, मग बायबल बाई म्हणून गावोगाव वचन सांगत फिरायचं. अण्णांनी मला विचारलंसुद्धा नाही, आणि का विचारावं? विचारायचं ते वरूनच विचारून झालं होतं. प्रकाश गेल्यापासून मुके झालेले अण्णा दाढी करताना गीत गुणगुणायला लागले. शेजारणी लेकरू तापलं की मला बोलवायला येत. मी तापलेल्या कपाळावर हात ठेवून घडाघडा प्रार्थना करी आणि घामानं माझाच पोलका भिजे. मैत्रिणी माझ्यासमोर हसणं आवरून घेऊ लागल्या. विहिरीवर मी गेले की बायका बाजूला सरून मला आधी पाणी भरू देत.

आणि याकोबकाका. आमच्या शेजारचंच घर. माणूस कष्टाळू, पण दारूनं पार धुऊन काढलेला; त्याची बायको शेवंतामावशी ज्वारीसुद्धा आमच्या घरी आणून लपवायची. मेळाव्याहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी तो आमच्या दारात येऊन बसला. अण्णांना म्हणाला, "ज्या विहिरीवर देव आला तिचंच पाणी मी पेतो, उपदेशक. आता त्याच तोंडानं दुसरं कसं पेऊ?" आणि त्यानं सोडली. पहिले आठ-दहा दिवस हातांना इतका कापरा सुटे की शेवंतामावशी त्याला भाकर मोडून देई. रोज दिवेलागणीला तो आमच्या चटईवर येऊन बसू लागला. माझी लांबलचक प्रार्थना झाली की तो त्याची करी, आणि ती एवढीच असे: "आजचा दिस गेला, देवा. उद्याचं तू बग." अण्णा त्याला कधी 'अजून' म्हणाले नाहीत.

माझी नात रूथ आता सोळाची झाली आहे. येत्या महिन्यात तिचं दृढीकरण. तिनं तिची साक्ष मोबाईलवर लिहून ठेवली आहे आणि तिचं पहिलंच वाक्य आहे, माझ्या आजीला देवानं विहिरीवर नावानं हाक मारली. तिनं वाचून दाखवलं तेव्हा मी म्हणाले, छान लिहिलंस. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. नाहीतर हा सगळा भाग गाळून मी पुढे गेले असते. हे आधी तिला वाचायला द्यायचं असं मी ठरवलं आहे. दिवस ठरवलेला नाही.

बायबल शाळेला जायला पंधरा दिवस उरले तेव्हा मी मायला सांगितलं. ती मनुका कुस्करत होती. मी म्हणाले, "माय, ती हाक खोटी हाय. मी मनानं सांगितलं." माय फडकं पिळत राहिली. मग म्हणाली, "ठाऊक हाय मला. तू त्या महिन्यात विहिरीवर एकटी कवा गेलीस? रोज मी संग व्हते. तुला हाक आली असती तर मला ऐकू आली न्हसती का?"

म्हणजे मेळाव्याच्या मांडवात, ते सगळं रडणं चाललेलं असताना, बायकांत बसलेल्या मायला पहिल्या शब्दापासून माहीत होतं. मी चिडून म्हणाले, "मंग बोललीस काहून न्हाई?"

"काय बोलू? तुह्या अण्णाचं तोंड पाह्यलं व्हतं का तू तवा?" ती म्हणाली. "प्रकाश गेल्यापासून माणूस रातभर जागा राहायचा. आता कुठं झोपू लागलाय. तुला सांगायचं तर तू सांग. मी न्हाई सांगायची."

मला तिचा राग आला. आजही थोडा येतो. पण त्या घरात कुणालाच दार उघडं नव्हतं, मायलाही नव्हतं, हे तेव्हा मला दिसत नव्हतं. मला फक्त माझ्याच दाराची कडी दिसत होती.

अण्णांना सांगितलं ते सेनगावच्या बाजाराहून येताना. ते माझ्यासाठी पत्र्याची ट्रंक घ्यायला गेले होते, मला पसंत करायला बरोबर नेलं होतं. हिरव्या रंगाची, कडीवर फूल काढलेली ट्रंक घेतली. येताना पुसेगावला जीपमधून उतरलो आणि अण्णांनी ती डोक्यावर घेतली. तुरीच्या रानातली पायवाट, पुढे ते, मागे मी. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणूनच बोलता आलं. मी म्हणाले, "अण्णा, मला कोणी हाक मारली न्हाई. मी खोटं बोलले."

ते दहा-वीस पावलं तसेच चालत गेले. मग बांधावर थांबले, ट्रंक उतरवली आणि तिच्यावर बसले. मी थोबाडीत बसायची वाट बघत उभी राहिले. खरं सांगते, मला ती हवी होती. प्रकाशला एक बसली आणि तो सुटला होता.

"कोणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"मायला."

"ती काय म्हणली?"

"तिला ठाऊकच व्हतं."

अण्णांनी टोपी काढली, तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "याकोबनं सोडली ती तुह्या हाकेवर सोडली. आता त्याला काय सांगू मी? हाक खोटी व्हती, तू पे?"

"मंग माझं काय, अण्णा?"

"तू जा," ते म्हणाले. त्यांचा आवाज उपदेशाचा नव्हता, अगदी हळू होता, मला विनवल्यासारखा. "खोट्या हाकेवर गेलीस तरी जा. खरी तिथं ऐकू येईल. देवाला काय, त्याला उशीर होत न्हाई." आणि थोड्या वेळानं, टोपी घालता घालता, "पण मायला सांगितलंस तेवढं पुरे. दुसऱ्या कोणाला सांगू नको."

माझ्या बापानं, ज्यानं खोट्यापायी मुलगा घालवला होता, त्यानं माझं खोटं त्या दिवशी स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि ट्रंकेखाली मान ताठ ठेवून घरापर्यंत आणलं. इतक्या वर्षांत मी ह्यावर पुष्कळ विचार केला. त्यांचा विश्वास त्या बांधावर मोडला की तिथंच खरा सुरू झाला, मला ठरवता येत नाही. माझ्याबद्दल म्हणाल तर मी चाळीस वर्षं बायबल बाई म्हणून पायपीट केली, लग्न केलं, लेकरं वाढवली, त्यांनाही लहानापासून सुरुवात करत चटईवर बसवलं. हाक काही ऐकू आली नाही. एकदा मात्र एका अडलेल्या बाळंतिणीच्या उशाशी प्रार्थना करताना माझ्या लक्षात आलं की माझ्या मनात दुसरं काहीच चाललेलं नाही, आणि शब्दही फार थोडे आहेत. एवढं सोडून मिरवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

निघायच्या दिवशी सातही घरं मंदिरासमोर जमली. मायनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली आणि डोळे पुसायला चुलीकडे निघून गेली. पुसेगावपर्यंत ट्रंक याकोबकाकानं नेली, अण्णांना हात लावू दिला नाही. त्याच्या अंगावर धुतलेला सदरा होता आणि हातांचा कापरा गेला होता. तिथून जीपनं हिंगोली, हिंगोलीहून रेल्वे. अण्णा सोबत येणार होते, ते ड्रायव्हरशी जागेचं बोलत होते. काकानं ट्रंक टपावर चढवून दोरीनं आवळली, खाली उतरला आणि माझ्यापुढे उभा राहिला. काहीतरी विचारायचं होतं, पण त्याला लाज वाटत होती.

"सुवार्तामाय," तो म्हणाला, "एक सांगशील? त्यो आवाज कसा व्हता? मी रोज त्या विहिरीवर जाऊन हुबा राहतो. मला काही येत न्हाई ऐकू. कसा आवाज व्हता ते ठाऊक असंल, तर मला वळखू तरी येईल."

अण्णांचं बोलणं थांबलं. ते वळले नाहीत, पण त्यांनी ऐकलं होतं. खरं बोलायची तेवढी एकच जागा माझ्यासाठी शिल्लक होती. एक वाक्य बोलले असते तर ट्रंक टपावरून खाली आली असती आणि मी हिंगोलीला कॉलेजात गेले असते. मी याकोबकाकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"घोगरा व्हता, काका," मी म्हणाले. "तुमच्यासारखाच."

त्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि तसाच उभा राहिला. अण्णा माझ्याआधी जीपमध्ये चढले, सरकून मला जागा केली, आणि हिंगोली येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.